विंडोज ११ वरून परत १० वर यायचंय, लग्नपत्रिकांचं काम अडकलंय

पत्रिकावाली

नमस्कार मंडळी. भाऊबीजेला भाऊ आला, सोबत भाचा. भाचा इंजिनीअरिंगला. "आत्या, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तू अजून त्याच्यावरच?" म्हणाला, आणि मी ओवाळणीचं ताट आत ठेवून येईपर्यंत खाली दुकानात जाऊन अपग्रेड सुरू करून मोकळा. मुलगा गुणी आहे, उद्देश चांगलाच होता. पण तो रात्री ठाण्याला परत गेला आणि इथे माझी पंचाईत झाली.

दुकान म्हणजे गिरगावातल्या आमच्या चाळीची तळमजल्यावरची खोली. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांची पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. मी मराठी टायपिंग टाइपरायटरवर शिकले, बोटं अजून त्याच कीबोर्डवर चालतात. फॉन्टचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडच्या आधीचं आहे, यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोन केला तर म्हणतात, नवीन व्हर्जन घ्या. त्यात जुन्या फाइली जशाच्या तशा उघडतील का, असं विचारलं की "बघावं लागेल मॅडम".

आता मशीन चालू केलं की उजव्या कोपऱ्यात पाटी येते, "ए ड्रायव्हर कॅनॉट लोड ऑन धिस डिव्हाइस". डोंगलचा दिवा लागत नाही. डोंगल नाही म्हणून फॉन्ट लोड होत नाहीत, आणि फॉन्ट नाहीत म्हणून "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि डॉलरची चिन्हं. नवऱ्यामुलीच्या मामाला हे प्रूफ कसं दाखवू?

दुसरं दुखणं बारीक आहे, पण दिवसभर टोचतं. माझा टास्कबार वर्षानुवर्षं डाव्या कडेला उभा असायचा, म्हणजे पान स्क्रीनवर जास्त उंच दिसतं. ११ मध्ये तो खालीच. हलतच नाही.

मशीन २०१९ सालचं, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) वगैरे सगळं आहे. म्हणूनच तर ११ ने घेतलं त्याला. लॅमिंग्टन रोडवरचा कॉम्प्युटरवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल, डेटाचं तुमचं तुम्ही बघा. तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, त्यानंतर मुहूर्तच मुहूर्त. फॉरमॅट न मारता मागे जाता येतं का? फाइली राहतील का? आणि गेलेच मागे, तर सपोर्ट नसलेल्या मशीनवर ईमेल उघडायचे की नाही?

खटपट्या

ताई, भाऊबीज होऊन दहा दिवस झालेले नाहीत ना? मग घाबरू नका. अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज लगेच पुसलं जात नाही, सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये दहा दिवस पडून असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे "गो बॅक" असं बटण दिसेल. कारण विचारतात, काहीही टिकमार्क करा. मग अपडेट तपासू का म्हणून विचारेल, नको म्हणा. फॉरमॅटची गरज नाही. तुमच्या फाइली जागेवर राहतात. फक्त अपग्रेडनंतर जे प्रोग्रॅम टाकलेत आणि ज्या सेटिंग्ज बदलल्यात, ते जाईल.

तोपर्यंत एक पथ्य पाळा. "डिस्क भरली, साफ करा" असं काही आलं तर हात लावू नका. डिस्क क्लीनअपमध्ये "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" वर टिक गेली की तो फोल्डर उडतो आणि गो बॅक कायमचं बंद होतं. माझ्या ऑफिसातल्या एकाने जागा करायला म्हणून हेच केलं आणि मग खरोखर फॉरमॅट मारावं लागलं.

आणि १० चा जो पासवर्ड होता तो आठवून कागदावर लिहून ठेवा. मागे गेल्यावर तोच लागतो. भाच्याने अपग्रेड करताना नवा पिन करून दिला असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

मुहूर्तांच्या गडबडीत वेळच नसेल, तर दहा दिवसांची ही मुदत कमांड प्रॉम्प्टमधून साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. पण ती वाढवायची असते दहा दिवस संपायच्या आत. नंतर उपयोग नाही.

सातरस्ता

मी उलटं सांगणार. मागे कशाला जाता? ती पाटी कोअर आयसोलेशनमधल्या मेमरी इंटिग्रिटी नावाच्या सुरक्षेच्या सोयीमुळे येते. जुने ड्रायव्हर, म्हणजे डोंगलसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, तिला चालत नाहीत. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स, तिथला मेमरी इंटिग्रिटीचा स्विच बंद करा, रीस्टार्ट मारा. पाच मिनिटांचं काम. टास्कबारची सवय होईल हो, आम्हालाही झाली.

पत्रिकावाली

सातरस्ता, काल रात्री दुकान बंद केल्यावर करून बघितलं. पाटी गेली. पण सॉफ्टवेअर अजूनही डोंगल सापडत नाही म्हणतं. डोंगल काढून मागच्या पोर्टला लावलं, पुढच्या पोर्टला लावलं, दिवा नाहीच.

टास्कबारची सवय तुम्हाला झाली असेल. तुम्ही आडव्या स्क्रीनवर उभी पत्रिका लावत नाही.

जुना_ऑपरेटर

मी पण पूर्वी दादरला डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम) करायचो, आता फक्त प्रूफं वाचतो, म्हणून राहवलं नाही.

सातरस्ता यांनी सांगितलेला स्विच अर्धाच इलाज आहे. त्याच पानावर खाली आणखी एक स्विच असतो, धोकादायक ठरलेल्या ड्रायव्हरांच्या यादीचा. ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून ती यादी सगळ्या मशीनवर आपोआप चालू असते. १० मध्ये मेमरी इंटिग्रिटी बंद असेल तर ती यादी सहसा लागू होत नाही, म्हणून डोंगल तिथे बिनबोभाट चालत होता. ताईंचा ड्रायव्हर त्या यादीत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तो स्विचही बंद करता येतो. पण दोन्ही कुलपं काढून ११ वर बसायचं, तर मग भाच्याने सुरक्षेसाठी म्हणून जे केलं ते कशासाठी? त्यापेक्षा १० बरं.

मागे जाल त्याच्या आधी पत्रिकांच्या सगळ्या फाइली आणि फॉन्टचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. गो बॅक शंभरातून एकदा मध्येच अडकतं आणि ते नेमकं आपल्याच वाट्याला येतं.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. मशीन १० वर नेलं तरी खरा खिळा तो डोंगल आहे. उद्या तो जळाला, तर विंडोज कुठलंही असो, इतक्या वर्षांच्या पत्रिका अडकल्या. म्हणून हळूहळू मजकूर युनिकोडमध्ये काढायला लागा. टाइपरायटरचा कीबोर्ड युनिकोडमध्येही मिळतो, बोटं बदलावी लागत नाहीत. मात्र कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी मारायचो आणि रफार नंतर, जसं कागदावर दिसतं तसं. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर येते आणि रफाराचा र आधी. कन्व्हर्टर नेमका इथेच चुकतो. "चि. सौ. कां." मधली वेलांटी उडून "च" उरलेला मी स्वतः पाहिलाय, आणि आशीर्वादाचा रफार भलत्याच अक्षरावर. एकेक ओळ वाचून काढावीच लागते.

खटपट्या

जुना_ऑपरेटर यांच्याशी सहमत. ताईंचा ईमेलचा प्रश्न राहिलाच होता. १० चा नेहमीचा सपोर्ट संपला हे खरं, पण घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय ठेवली आहे, ईएसयू म्हणतात त्याला. अट अशी की १० चं व्हर्जन २२एच२, म्हणजे शेवटचं, पाहिजे. मागे गेल्यावर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्डचे १००० पॉइंट, किंवा एकदाच ३० डॉलरच्या आसपास. नवीन काही फीचर मिळणार नाही, आणि ते तुम्हाला नकोच आहे.

विंडोज पुन्हा पुन्हा ११ घ्या म्हणून मागे लागेल. तुमचं १० प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) टार्गेट व्हर्जनमध्ये विंडोज १० आणि २२एच२ लिहून ठेवा, मग गप्प बसतं. काही जण बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम बंद करायला सांगतील. ते करू नका, बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) चालू असेल तर मशीन रिकव्हरी की मागत बसेल.

पत्रिकावाली

झालं. पेन ड्राइव्हवर सगळं घेतलं, मग गो बॅक दाबलं. स्वयंपाक करून खाली आले तर १० चा लॉगिन समोर. पासवर्ड जुनाच लागला, खटपट्या, तुमचं ऐकून लिहून ठेवला होता. डोंगलचा दिवा लागला आणि कालची पत्रिका "श्री गजानन प्रसन्न"पासून शेवटच्या "आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं"पर्यंत नीट उघडली. टास्कबार पण आपल्या जागी, डावीकडे.

ईएसयूची लिंक लगेच दिसली नाही, अपडेट सगळे घेतल्यावर आली. मायक्रोसॉफ्टचं खातं भाच्याकडूनच फोनवर उघडून घेतलं. त्याला सगळं सांगितलं, तो थोडा हिरमुसला, पण ग्रुप पॉलिसीचं तोच येऊन करून देणार आहे.

जुना_ऑपरेटर, युनिकोडचं मनावर घेतलंय, पण मुहूर्त संपेपर्यंत नाही. तुम्ही घरबसल्या प्रूफं वाचता का? कन्व्हर्ट केलेला मजकूर तपासून द्यायला कुणी हवंच आहे मला. पानाचा दर काय तो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुना_ऑपरेटर

वाचतो की. आधी पावतीपुस्तकं पाठवा, पत्रिका नंतर बघू. आकड्यांत कन्व्हर्टर कमी चुकतो.