'बॅकलिंक'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'दुवे बांधणे' कितपत बरोबर?

जुईली_दापोली
कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका मराठीत करते आहे. आपली साइट गुगलवर वर कशी येते, एवढाच विषय. 'बॅकलिंक'पाशी अडले आहे. मी 'परतदुवा' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या एका ताईंनी समासात विचारलं, "म्हणजे मागच्या पानावर परत नेणारं बटण ना?" 'परत' म्हटल्यावर हाच अर्थ निघणार, आणि इथे तर कुणीच परत जात नाही. गावच्या पर्यटन मंडळाने त्यांच्या पानावर आपल्या निवासाची लिंक दिली, तर ती आपल्यासाठी बॅकलिंक. दिशा तिकडून इकडे.

दुसरं, 'लिंक बिल्डिंग', म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या लिंक वाढवण्याचं काम. आमचे संपादक 'दुवे बांधणे' म्हणतात. मला ते पटत नाही. दुवा दुसऱ्याने द्यायचा असतो, मी कसा बांधणार?

तिसरं, 'अँकर टेक्स्ट', म्हणजे ज्या शब्दांवर लिंक दिलेली असते ते शब्द. त्यावर आमच्यात भांडणच चालू आहे. 'नांगर मजकूर' असा एक प्रस्ताव आहे. मत द्या.

आबा_सातारकर
जुईलीताई, शब्द तयार आहे आणि मराठी माणूस तो रोज वापरतो. प्रत्येक कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. बाहेरून आपल्याकडे आलेला तो आवक दुवा, आपण बाहेर दिलेला तो जावक दुवा. अजिबात घडवावा लागत नाही. 'परतदुवा' टाका खोडून.

कोडवाला_पुणे
आबा, शब्द चांगला आहे, पण मी याच धंद्यात आहे आणि आमच्याकडे हे कुणी बोलत नाही. "या महिन्यात किती बॅकलिंका आल्या?", "त्या साइटवरून लिंक मिळते का बघ", असंच बोलणं चालतं. शिवाय ही मार्गदर्शिका वाचून निवासवाल्या काकूंना पुढे काही शोधायचं झालं, तर त्या 'आवक दुवा' टाइप करतील आणि हाती काही लागणार नाही. 'बॅकलिंक' टाइप केलं तर माहितीचा डोंगर मिळेल. वाचकाला पुढची वाट बंद करणारा शब्द कितीही शुद्ध असला तरी उपयोगाचा नाही.

आणि हा 'बॅक' काही कालचा नाही. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ मध्ये स्टॅनफर्डला जे शोधयंत्र केलं, त्याचं पहिलं नावच 'बॅकरब' होतं, कारण ते मागून येणाऱ्या लिंका तपासायचं. गुगल हे नाव नंतरचं.

शब्दवेडा
"धंद्यात असं बोलत नाहीत" हा युक्तिवाद 'महापौर' आणि 'दिनांक'च्या वेळीही झाला असणार. आज ते शब्द आपण सहज वापरतो. कुणीतरी आधी लिहावं लागतं, मग लोक शोधतात. उलट्या क्रमाने कधीच होत नाही.

'दुवा' शब्दाबद्दल थोडं. माझ्या मते तो 'दोन'च्या घरातला. फाशावरचा दुवा, पत्त्यांतली दुर्री, तसाच साखळीतला दुवा. दोन कड्यांना धरणारा. म्हणजे दोन टोकं असणं त्याच्या रक्तातच आहे, दिशा नाही. म्हणून दिशा सांगायला आधी विशेषण लागणारच. 'आवक' उत्तम.

नसीमा_मिरज
आमच्या घरी दुवा म्हणजे आशीर्वाद. "म्हाताऱ्या माणसाची दुवा घे." मराठीतही "दुवा देणे" आहेच. मला तर वेबवरचा 'दुवा' पहिल्यांदा वाचला तेव्हा हाच अर्थ वाटला आणि तो बसलाही छान. कुणीतरी आपल्याबद्दल चांगलं बोलतं, म्हणून गुगल आपल्याला वर नेतं. 'दुवा मिळणे' असं लिहा जुईली, 'बांधणे' नको.

शब्दवेडा
नसीमाताई, ते दोन वेगळे शब्द आहेत. आशीर्वादाचा 'दुवा' अरबी 'दुआ'वरून आला. उच्चार जुळला इतकंच.

नसीमा_मिरज
मूळ वेगळं असेल, पण वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही एकत्रच येतात. तुम्ही कोश उघडून बसलात म्हणून ते थांबणार नाही. दुवा मागता येते, मिळवता येते, विकत घेता येत नाही. निवासवाल्यांना नेमकं हेच कळायला हवं आहे ना?

ग्रंथालयीन
मूळ कल्पना पाहिली तर नसीमाताईंच्या बाजूने बोलावंसं वाटतं. शोधनिबंधाचं महत्त्व त्याचा उल्लेख किती जणांनी केला यावरून मोजायची पद्धत आमच्या ग्रंथालयांत आधीपासून होती. यूजीन गारफील्ड यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६४ची. पेज आणि ब्रिन यांच्या १९९८च्या निबंधात हाच विचार वेबपानांना लावला आहे, पण एक महत्त्वाची भर घालून. सगळे उल्लेख सारखे मोजायचे नाहीत. ज्या पानाला स्वतःला मान आहे, त्याने दिलेला दुवा जास्त मोलाचा. आणि प्रत्येक पान आपलं वजन बाहेर दिलेल्या दुव्यांत वाटून टाकतं. दहा ठिकाणी दुवे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा, शंभर असतील तर शंभरावा. त्यामुळे जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने निवासांवरच्या लेखात दिलेला एक दुवा हा शेकडो नावांच्या यादीतल्या एका ओळीपेक्षा किती तरी भारी.

माझी सूचना: बॅकलिंकला 'दाखला'. "आमच्या साइटला तीन ठिकाणचे दाखले आहेत." आणि दुव्यातून मिळणाऱ्या या मोलाला 'लिंक ज्यूस' म्हणतात, त्याला सरळ 'वजन'. "त्यांच्या शब्दाला वजन आहे", तसंच दुव्याला.

आबा_सातारकर
दाखला म्हटलं की लोक तहसीलदाराकडे जातील. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा. नको.

कोडवाला_पुणे
'वजन' मात्र मला आवडलं, आणि त्याचा दुसरा अर्थही इथे लागू पडतो. फायलीवर वजन ठेवतात तसं लिंकांवरही ठेवतात. २०११च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'जे. सी. पेनी' या अमेरिकन दुकानसाखळीचं प्रकरण बाहेर काढलं. भलत्याच विषयांच्या ढीगभर साइटांवर त्यांच्याकडे येणाऱ्या लिंका पेरलेल्या होत्या, आणि ऐन सणासुदीच्या दिवसांत कपड्यांपासून सामानापर्यंत अनेक शोधांत ते अगदी वर होते. कंपनी म्हणाली की आम्हाला हे ठाऊक नव्हतं, आणि एसईओवाल्यांना, म्हणजे साइट शोधात वर आणायचं काम करणाऱ्यांना, काढून टाकलं. गुगलने त्यांना खाली ढकललं. २०१२च्या एप्रिलमध्ये गुगलच्या क्रमवारीत 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि अशा पेरलेल्या लिंकांवर सरसकट कुऱ्हाड पडली.

म्हणून जुईलीताई, 'लिंक बिल्डिंग'ला एकच शब्द शोधू नका. इंग्रजीत एकाच नावाखाली तीन कामं दडली आहेत: लिंक मिळवणं, लिंक मागणं आणि लिंक विकत घेणं. मराठीत तिन्हींना वेगळी क्रियापदं आहेत, ती वापरा. हजार रुपयांत पाचशे लिंका देतो म्हणणारा 'बिल्डिंग'च म्हणतो, आणि काकू फसतात.

नसीमा_मिरज
हेच तर मी म्हणत होते.

मालवणी_मुक्ता
'नांगर मजकूर'वर कुणी बोलेना, म्हणून मी बोलते. नांगर हा आमचा शब्द आहे. होडी लावली की नांगर टाकतात, वर्षानुवर्षं. शब्द अचूक आहे. घाटावरच्यांना शेतातला नांगर दिसतो म्हणून आम्ही आमचा शब्द सोडायचा का? आणि पुस्तिका कोकणातल्या लोकांसाठीच आहे!

विदर्भ_विहारी
मुक्ताताई, शब्दाबद्दल आदर आहे, पण इथे नांगराची कल्पनाच कामाची नाही. मजकूर काही धरून ठेवत नाही. ज्या शब्दांवर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं ते शब्द, बस. 'दुवाशब्द' म्हणा. समजावून सांगायलाही सोपं: "इथे क्लिक करा" हा दुवाशब्द असेल तर गुगलला पुढच्या पानाबद्दल काहीच कळत नाही. "हर्णै बंदराजवळचं घरगुती जेवण" असेल तर कळतं. आणि हे शब्द लिंक देणारा ठरवतो, म्हणूनच २००३च्या सुमारास लोकांनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' (दारुण अपयश) या शब्दांवर अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या अधिकृत चरित्राच्या लिंका दिल्या आणि तो शोध थेट व्हाइट हाउसच्या पानावर जाऊ लागला. गुगलने २००७मध्ये त्याचा बंदोबस्त केला.

मालवणी_मुक्ता
धरून कसा ठेवत नाही? लिंक त्याच शब्दांना अडकवलेली असते. दोर कशाला बांधला आहे ते बघा.

ग्रंथालयीन
मराठी विकिपीडियावर प्रत्येक पानाच्या बाजूला "येथे काय जोडले आहे" असं असतं. म्हणजे कुठून कुठून दुवे आले त्याची यादी. नाम न घडवता क्रियापदाने काम भागवलं आहे. जुईलीताईंनी हा मार्ग जरूर पाहावा.

कोडवाला_पुणे
विकिपीडियाचा विषय निघाला म्हणून सांगतो, तिथे लिंक टाकून वर यायच्या नादी कुणी लागू नये. इंग्रजी विकिपीडियाने २००७पासून बाहेरच्या लिंकांवर 'नोफॉलो' लावलं आहे, म्हणजे 'ही लिंक वजनात धरू नका' असं शोधयंत्राला सांगणारी खूण. 'नोफॉलो' २००५चं, ब्लॉगांवरच्या प्रतिक्रियांत लिंकांचा कचरा होत होता म्हणून आणलेलं. २०१९मध्ये गुगलने पैसे देऊन घेतलेल्या लिंकांसाठी 'स्पॉन्सर्ड' अशी वेगळी खूण दिली. त्याला मराठी आहेच, 'प्रायोजित', टीव्हीमुळे सगळ्यांना ठाऊक. 'नोफॉलो'चं मात्र मला काही सुचत नाही.

शब्दवेडा
'बिनवजनी दुवा'. वर वजन ठरलंच आहे.

कोडवाला_पुणे
पूर्ण बिनवजनी नाही ना. २०१९पासून गुगल ती खूण आज्ञा न मानता सूचना मानतं. कधी विचारात घेतं, कधी नाही.

जुईली_दापोली
सगळ्यांचे आभार. 'मिळवणे, मागणे, विकत घेणे' हे तिन्ही वेगळे लिहिणार, ते पक्कं. पण पहिल्या प्रश्नावर आवक दुवा, बॅकलिंक आणि दाखला यांतलं काय? प्रत्येक पानावर हा शब्द येतो. कंसात दुसरा शब्द द्यायला संपादक तयार नाहीत, एकच निवडा म्हणतात.

शब्दवेडा
आवक दुवा. आणि कोडवाला, 'लिंका' हे काय? 'लिंक्स' तरी लिहा.

कोडवाला_पुणे
का? बँक–बँका, फाइल–फायली, मग लिंक–लिंका. शब्द घरात घेतला की त्याला घरचं व्याकरण लागतं. 'लिंक्स' लिहिणं म्हणजे इंग्रजीचं अनेकवचनही उसनं आणणं. शुद्धतेचा आग्रह तुमचाच आहे ना?

शब्दवेडा
घरात घ्यायचाच नाही, 'दुवे' आहेत.

आबा_सातारकर
बँका आणि फायली सरकारी पत्रांत मी स्वतः लिहिल्या आहेत. 'लिंका' कानाला खटकतं हे खरं, पण नियमाने बरोबर आहे.

विदर्भ_विहारी
मग 'साइट'चं अनेकवचन? 'साइटा' की 'साइटी'? वर 'साइटांवर' लिहिलं आहे कोडवाल्यांनी.

मालवणी_मुक्ता
आमच्याकडे 'साइटी'. आणि नांगराचं अजून ठरलेलं नाही.