माठाच्या वाफ्यातला पांढऱ्या पट्ट्यांचा पतंग कोणता?

प्रश्न (इंदूर)
आमच्या अंगणातल्या लाल माठाच्या वाफ्यात आठवडाभर एक लहानसा पतंग दिवसाढवळ्या दिसतो आहे. वाफ्याला पाणी घातले की चार-पाच पतंग एकदम उठतात आणि हातभर अंतरावर जाऊन पुन्हा पानावर बसतात. रंग गडद तपकिरी असून पुढच्या आणि मागच्या दोन्ही पंखांवर पांढरेशुभ्र आडवे पट्टे आहेत. पंख पसरून बसला की आकार त्रिकोणी दिसतो. पट्टी धरून मोजले, तर पसरलेले पंख दोन सेंटिमीटरांहून किंचित जास्त भरले. रालामंडलच्या जंगलात पायवाटेकडेच्या गवतातूनही असाच पतंग उडालेला पाहिला होता, म्हणून हा रानातला की बागेतला, असा प्रश्न पडला आहे.

उत्तर १
हा स्पोलाडिया रिकर्व्हालिस असावा. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये या जातीचे वर्णन केले. याची अळी माठ, राजगिरा, पालक, बीट यांवर जगते आणि रानोमाळ उगवणारा काटेमाठही तिला चालतो, त्यामुळे तो आपल्याला दोन्हीकडे भेटला यात नवल नाही. पंखविस्तार साधारण २२ ते २४ मिलिमीटर असतो, म्हणजे आपले मोजमाप जुळते.

उत्तर २
नाव बहुधा बरोबर आहे, पण घाई नको. हायमेनिया पर्स्पेक्टालिस हा त्याचा जवळचा नातेवाईक याच भाज्यांवर येतो. त्याचे पांढरे पट्टे अरुंद असतात. स्पोलाडियाच्या मागच्या पंखावरचा पट्टा चांगला रुंद असतो आणि पतंग बसलेला असताना तो पुढच्या पंखावरच्या पट्ट्याला जुळून एकच सलग रेघ दिसते. तेवढे नीट पाहा आणि पानांची खालची बाजूही तपासा. भाजी खायची आहे, तेव्हा फवारणी करू नये असे मला मनापासून वाटते. अळ्या हाताने वेचता येतात.

प्रश्नकर्ती
आज सकाळी ऊन वाढण्यापूर्वी पाहिले. पट्टा रुंद आहे आणि रेघ सलग जुळते. दुमडलेल्या पानाच्या आत बारीक जाळे विणून एक हिरवी अळी बसली होती, तिच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा होत्या आणि तिने कुरतडलेल्या जागी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल तेवढी उरली होती. म्हणजे हा स्पोलाडियाच. बाकीच्या अळ्या वेचल्या. दोन मात्र माठाच्या पानांसह काचेच्या बरणीत ठेवल्या आहेत.

उत्तर १
बरणीच्या तळाशी दोन बोटे भुसभुशीत माती अवश्य घाला, कारण ही अळी कोष मातीतच करते.