सॉल्ट नदीत पाणी का नाही?

गोदाकाठचा: दोन महिन्यांपूर्वी नाशिकहून अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या चँडलरला आलो. शेजारच्या टेंपीत सॉल्ट नदी तुडुंब, लोक होड्या वल्हवतायत. तिथून पुढे विमानतळाजवळ तीच नदी, तर नुसते गोटे! आणि जवळच्या गिल्बर्ट गावच्या तळ्यांवर एवढे पक्षी. या वाळवंटात पाणी येतं कुठून, जातं कुठे?

पाळीचं पाणी: दादा, नदी गेली कालव्यात. इथल्याच मेसा शहराच्या ईशान्येला ग्रॅनाइट रीफ बंधारा आहे, 1908 चा. त्याच्या जरा वर व्हर्डे नदी सॉल्टला मिळते. बंधाऱ्यावर दोघींचं पाणी उत्तर आणि दक्षिण कालव्यांत वळवतात, खाली उरतात गोटे. वरची धरणं भरली तरच पात्रात पाणी सोडतात. 2023 च्या मार्चमध्ये सोडलं होतं, तेव्हा आम्ही सहकुटुंब पूर बघायला गेलो होतो.

टेंपीत बघितलीत ती नदी नव्हे, पात्रात बांध घालून 1999 मध्ये भरलेलं तळं. आधी रबरी फुग्यांचे बांध होते. 2010 मध्ये त्यातला एक फुटला आणि तळं रातोरात रिकामं. आता पोलादी दारं आहेत.

कालव्यांची कल्पनाही जुनीच. इथल्या मूळच्या होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी इथे मैलोन्‌मैल चर खणले होते. माझं घर मेसातल्या जुन्या वस्तीत, अजून पाळीने पाणी मिळतं. पाळी रात्री दोनला आली की मी बॅटरी घेऊन परसातलं झाकण फिरवायला उठतो. घोटाभर पाणी साचतं. आजोबा निफाडला दारं धरायचे, मी अमेरिकेत धरतो!

शेकाट्या: गिल्बर्टचं पाणी गावाच्या सांडपाण्याचं, शुद्ध केलेलं. तळ्यांतून ते जमिनीत मुरवतात. सगळी मिळून 110 एकर जागा. लांब लाल पायांचे काळे-पांढरे पक्षी दिसले असतील, ते आपल्या शेकाट्याचेच भाऊबंद. पश्चिमेला ट्रेस रिओसची पाणथळ जागाही सांडपाण्यावरच जगते. नाक मुरडू नका, वास येत नाही.

गोदाकाठचा: म्हणजे खरी वाहती नदी बघायची तर बंधाऱ्याच्या वर?

पाळीचं पाणी: हो, नदीकाठच्या कून ब्लफला जा. नशीब असेल तर नदीत उतरून पाण्यातलं गवत खाणारे मोकाट घोडे दिसतील. पहाटेच निघा, नऊनंतर दगड पोळतात.