लपवायचं कोणापासून, नवऱ्यापासून की प्रेक्षकापासून?

नीरक्षीर
कालच्या एका धाग्यावर एकाने ठणकावून लिहिलंय की विवाहबाह्य संबंधांवरचे थ्रिलर म्हणजे 'तासभर बेडरूम आणि शेवटी ट्विस्ट, गुपित शेवटपर्यंत दाबलं की काम झालं'. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

साफ चूक. गुपित प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचं असतं. घरच्यांना ते कधी आणि कशावरून कळतं, यावर सगळा ताण उभा राहतो. एड्रियन लाइनचा 'अनफेथफुल' (२००२) घ्या. प्रियकराशी पहिल्यांदा संबंध आल्यानंतर बायको (डायन लेन) ट्रेनने घरी परततेय. भेटीचे नुसते तुकडे दिसतात, बाकी सगळा वेळ कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. हसू फुटतं, लाज वाटते, रडू येतं, पुन्हा हसू. त्या क्षणापासून आपण तिच्या गुन्ह्यात भागीदार. नंतर नवरा साधं काही विचारतो तेव्हा पोटात गोळा आपल्याही येतो.

आणि तो काचेचा गोळा! नवऱ्याने बायकोला दिलेली भेट, तिने ती प्रियकराला दिलेली. नवऱ्याला (रिचर्ड गिअर) ती प्रियकराच्या घरात दिसते आणि त्याच गोळ्याने तो प्रियकराचं डोकं फोडून जीव घेतो. रक्त पुसत असताना आन्सरिंग मशीनवर बायकोचा आवाज येतो, ती संबंध तोडतेय. तो निरोप तो पुसून टाकतो. गोळा धुऊन घरी परत ठेवतो, आणि तिथेच बायकोला सगळं कळतं. मध्यावर गुपिताची मालकी बदलते. आधी ती लपवत होती, आता तो. ट्विस्ट एकही नाही.

मध्यंतर
असहमत. 'बॉडी हीट' (१९८१) विसरलात. तिथेही विवाहबाह्य संबंध आहेत, नवऱ्याचा खून आहे, पण बायको कॅथलीन टर्नर नेमकी कोण हे तिचा प्रियकर विल्यम हर्टला तुरुंगात बसून शाळेच्या जुन्या वार्षिकांकातून कळतं, आणि आपल्यालाही तेव्हाच. तुमचा नियम तिथे लागू होत नाही.

नीरक्षीर
लागू होतो. संबंध आणि खून दोन्ही आपल्याला आधीपासून ठाऊक असतात. लपवलेली असते ती तिची ओळख. ती वेगळी गोष्ट आहे.

काळी मांजर
तुम्ही दोघं मांडणीवरच अडकलात. खरा प्रश्न, शिक्षा कोणाला होते? 'फेटल अट्रॅक्शन' (१९८७) मध्ये बायको-मुलगी गावाबाहेर गेलेल्या असताना मायकल डग्लस ग्लेन क्लोजबरोबर मजा करतो, तिला दिवस जातात, आणि शेवटी बाथरूममध्ये गोळी खाते ती. शेवटचा शॉट कुटुंबाच्या फ्रेम केलेल्या फोटोचा! मूळ शेवट वेगळा होता. 'मादाम बटरफ्लाय' हा ऑपेरा ऐकत ती स्वतःचा गळा चिरते, सुरीवर त्याचे ठसे असतात आणि पोलीस त्याला नेतात. चाचणी खेळांत लोकांना तो रुचला नाही म्हणून नवा चित्रित केला. ग्लेन क्लोजचा विरोध होता. जपानमध्ये मूळ शेवटच दाखवला.

मध्यंतर
अर्धंच सांगताय. मूळ शेवटातही बायकोला कॅसेट सापडते, ज्यात ग्लेन क्लोजचं पात्र आत्महत्येची धमकी देतं. म्हणजे सुटकेची सोय तिथेही होतीच. आणि नवा शेवट तांत्रिकदृष्ट्या सरस आहे. खाली तो चहासाठी किटली ठेवतो, वर बायको आरशावरची वाफ पुसते आणि मागे ग्लेन क्लोज उभी. किटलीच्या शिट्टीत बायकोची किंकाळी बुडते. इतकं घट्ट संकलन मूळ शेवटात नाही.

काळी मांजर
संकलन घट्ट म्हणून अन्याय योग्य ठरतो का? पाऊण चित्रपट एका एकट्या, मोडलेल्या बाईचा आहे. अंधारात दिव्याचं बटण चालू-बंद करत बसलेली ती बाई आठवा. शेवटच्या दहा मिनिटांत तिचा भयपटातला राक्षस केला. मला याची चीड आहे आणि राहणार.

मध्यंतर
बरं, तिच्या पात्राचा तोल शेवटाने बिघडवला, एवढं मान्य. पण लोकांनी थिएटरं भरली ती त्याच शेवटासाठी.

काळी मांजर
गर्दी हा पुरावा नाही.

नीरक्षीर
धागा पार तिकडे गेला, पण मुद्दा माझाच सिद्ध होतोय. मूळ शेवटात सुरीवरचे ठसे म्हणजे त्याचं लपवलेलं पाप त्याच्यावरच उलटलेलं. नव्या शेवटात ते पाप तिच्यासोबत पुरलं.

गल्लाभरू
आपल्याकडचं कोणी बोलत नाहीये. 'मर्डर' (२००४) थेट 'अनफेथफुल'वर बेतलेला, घटना बँकॉकला. फरक एकच, आपला प्रियकर मेलेलाच नसतो! हिंदी निर्मात्यांना नवऱ्याच्या हाताला रक्त लागलेलं चालत नाही.

नीरक्षीर
नेमकं हेच. प्रियकर जिवंत निघाला की नवऱ्याकडे लपवायला काही उरत नाही, आणि उत्तरार्ध नुसत्या पाठलागावर येतो. 'अनफेथफुल'च्या शेवटात नवरा-बायको गाडीत बसलेत, मागे मुलगा झोपलाय, सिग्नल लाल, शेजारी पोलीस ठाणं. तो आत जाणार की नाही, हे दाखवतच नाही.

मध्यंतर
गिअर ठाण्यात शिरतो असाही शेवट चित्रित झाला होता, डीव्हीडीवर आहे. तो वगळला ते बरं केलं. एवढ्यापुरतं तुमचं मान्य. 'बॉडी हीट'बद्दल मी माघार घेणार नाही.