मदत हवी आहे: उधारीची वही आणि प्रभूची प्रार्थना

जय ख्रिस्त, मंडळी. नगरजवळच्या गावात आमचं किराणा दुकान आहे. रोज शटर उघडण्याआधी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि तिच्यातल्या या ओळीला (बायबल, मत्तय 6:12) अडखळतो: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे..." गल्ल्याशेजारी उधारीची वही. सोडलंय कुठे?

एका गिऱ्हाईकाकडे 9,400 रुपये थकलेत. ऊसतोडीला जाणारा माणूस, यंदा पाठ धरल्याने घरीच. परवा त्याला चार लोकांत नको ते बोललो. रात्री मत्तय 18 मधल्या येशूच्या गोष्टीतला चाकर आठवला. धन्याने त्याचं डोंगराएवढं कर्ज सोडलं, आणि हा बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. (दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे तीही काही चिल्लर नव्हती, हे मात्र उपदेशात कोणी सांगत नाही!)

आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, इथे ऋण म्हणजे पाप. असेलही. पण मलाही होलसेलवाल्याला दर सोमवारी पैसे मोजावे लागतात, आणि याचं सोडलं की गावभर होणार.

तुमच्यात कोणी दुकानदार आहे का? तुम्ही काय केलंत, सोडून दिलंत की हप्ते बांधलेत? आणि वहीचा विषय न काढता त्याची माफी कशी मागू?