रत्नागिरीला जाऊन आलेले इंदूरकर, या बरं इकडे

रामबागची_काकू
काल सियागंजातून आमसुलं आणली. पुडी सोडली आणि तो वास आला, बस, हातातलं काम राहिलंच. १९९९ साल. कोकण रेल्वे पूर्ण सुरू होऊन वर्षच झालेलं. सासूबाईंचं माहेर रत्नागिरीचं, पण लग्न होऊन इंदूरला आल्या त्या चाळीस वर्षांत परत गेल्या नव्हत्या. मांडवीच्या किनाऱ्यावर चपला काढल्या आणि पायानं काळी वाळू उकरत उभ्या राहिल्या. बोलेचनात. मग बोट दाखवून म्हणाल्या, "तिथे बोट उभी होती. इथून पडावात बसवलं मला, शालूसकट. आई इथेच उभी होती." एवढंच. मी माळव्यातली, आमच्या यशवंत सागर तलावाहून मोठं पाणी पाहिलेलं नाही, मी आपली लाटा बघत बसलेली.
येताना त्यांनी बिस्किटाच्या पुड्यात ती वाळू बांधून आणली नि कुणाला न सांगता तुळशीत घातली. पंधरा दिवसांत तुळस गेली. घरात कुणी एक शब्द काढला नाही. ह्यांनी गुपचूप माती बदलून दुसरं रोप लावलं. उरलेली वाळू त्या गेल्यावर देवघरात सापडली, कुंकवाच्या जुन्या डबीत.
लिहा तुम्हीही.

जिरावण_मारके
काकू, काय हे सकाळी सकाळी. पोहे गार झाले माझे.
पोह्यांवरून आठवलं, तिकडे हॉटेलात पोह्यांवर ओलं खोबरं! शेव नाही, जिरावण मसाला नाही. आपण तर घरून पाव किलो लौंगची शेव नेलेलीच होती भिया, काढली पुडी. मालक बघून राहिला. दुसऱ्या दिवशी स्वतःच बशी घेऊन आला, "ते तिखट आहे काय अजून?"

गराडू_फॅन
😂😂 पाव किलो फक्त?

सोमवारचा_मारा
थिबा राजवाडा सोमवारी बंद असतो. मला फाटकावर कळलं. पुढच्या खेपेला मंगळवार धरून गेलो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ च्या लढाईत हरला, इंग्रजांनी बायकामुलांसकट इथे आणून ठेवला. राजवाडा उभा राहायला १९१० उजाडलं आणि १९१६ ला तो गेला. म्हणजे पंचवीस वर्षं वाट बघितली नि राहायला मिळालं जेमतेम सहा. गाइड काय सांगत होता ते ऐकलंच नाही मी, हाच हिशेब डोक्यात. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते, तिथे संध्याकाळी जा.

रामबागची_काकू
@सोमवारचा_मारा आम्ही बाहेरूनच पाहिला. सासूबाई म्हणाल्या, त्याला आणला नि मला नेलं.

लोकमान्यनगरचा
☝️ काकू 🙏
आमचं घर लोकमान्य नगरात. टिळक आळीत जन्मस्थान बघायला गेलो, कौलारू घर, छान राखलंय. पोरगं मोठ्यानं विचारतं, "बाबा, आपल्या कॉलनीवाले टिळक का?" मागे पुण्याचा एक ग्रुप होता. त्यांचे चेहरे बघायला हवे होते.

खोपरा_पॅटीस
गणपतीपुळ्याला लाटेनं माझा चष्मा नेला. त्यात बाप्पाची प्रदक्षिणा डोंगराला घालायची असते, ती ह्यांचा हात धरून घातली, पायऱ्या दिसेनात. पोहता येतं म्हणून पुढे जाऊ नका कुणी, तिथला समुद्र फसवा आहे. आपलं पोहणं तलावातलं.

गराडू_फॅन
थेट गाडी आहे का इंदूरहून?

लोकमान्यनगरचा
आहे, केरळला जाणारी, आठवड्यातून एकदा. बडोदा, पनवेल करत जाते. रत्नागिरीच्या जरा आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर. मुलांना म्हटलं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. प्रवासातली तेवढीच शांतता.

सड्यावरचा_हत्ती
देवळं-समुद्र सगळे सांगतात, कातळशिल्पं कोणीच नाही. उक्षीला जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, अख्खा हत्ती कोरलाय. कुणी, कशासाठी, नक्की कुणालाच ठाऊक नाही. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आमचा रिक्षावाला म्हणाला, लहानपणी ह्याच्यावरून गुरं न्यायचो. मे महिन्यात दुपारी जाऊ नका, पाय भाजतात. मी गेलो होतो. हापूस खाल्ल्यावर राग गेला.

खोपरा_पॅटीस
हापूसचं नाव काढू नका. इथे पेटीवर रत्नागिरी लिहिलेलं असतं, आत काय ते देव जाणे.

जिरावण_मारके
काकू, सियागंजात कोणतं दुकान? मला मिळतात ती आमसुलं चपलेच्या तळासारखी.

रामबागची_काकू
फोडून बघून घे रे. काळी, ओलसर, बोटाला चिकटली पाहिजेत. पांढरं मीठ वर आलेलं असेल तर ठेवून दे. दुकान मेसेजमध्ये सांगते, कुकर लावलाय.