माहितीपटात गिरणी दाखवायची तर निवेदन हवं की नको?

काळाचौकीकर
गेल्या रविवारी परळला मित्राच्या खोलीत आम्ही पाच जणांनी चिनी दिग्दर्शक वांग बिंग यांचा 'वेस्ट ऑफ द ट्रॅक्स' एका बैठकीत पाहिला. नऊ तासांहून थोडा मोठा माहितीपट आहे. सकाळी नऊला बसलो, मध्ये पोहे, चहा, जेवण, आणि उठलो तेव्हा रात्र झाली होती.

चीनमधल्या शेनयांग शहरात तिएशी नावाचा कारखान्यांचा भाग आहे. तिथले सरकारी कारखाने शेवटच्या घटका मोजत असताना, १९९९ ते २००१ या काळात, हा माणूस छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन एकटा तिथे फिरत होता. पहिला भाग कारखान्यांचा, दुसरा उठवल्या जाणाऱ्या कामगार वस्तीचा, तिसरा मालगाडीच्या रुळांचा. निवेदकाचा आवाज नाही, पार्श्वसंगीत नाही. कामगार विश्रांतीच्या खोलीत पत्ते खेळतात, भांडतात, अंघोळीला जातात, थकलेल्या पगारावर बोलतात. शिसं अंगात भिनलेले कामगार उपचारासाठी रुग्णालयात जाऊन राहतात. तिसऱ्या भागात रुळांकडेला राहणाऱ्या म्हाताऱ्याला पोलीस धरून नेतात आणि त्याचा मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरचे जुने फोटो काढून बघत रडतो. तिथे आमच्यातलं कुणीच बोललं नाही.

माझं म्हणणं असं: गिरणगावावर आजवर जे बघितलं त्यात कुणीतरी आपल्याला सतत समजावत असतं. संप, भोंगा, चिमणी, मॉल, आणि वर भारदस्त आवाज. कामगार त्या आवाजाचा पुरावा म्हणून दोन मिनिटं येतो. इथे मात्र कामगाराला त्याचा स्वतःचा वेळ मिळाला आहे. निवेदन काढलं की माणूस दिसायला लागतो. आपल्या गिरण्या चालू होत्या तेव्हा असं कुणी आत बसून चित्रित केलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

गिरणगावची_लेक
दादा, तुम्हाला जे वाटलं ते खरंच असणार, पण निष्कर्ष पटत नाही.

माझे बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाबा परत आत गेलेच नाहीत. आता सांगा, आमच्या घरासमोरच्या चिमणीवर अर्धा तास कॅमेरा लावला तर त्यात मुंबईच्या विकास नियमावलीतला नियम ५८ दिसेल का? १९९१च्या त्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१च्या बदलाने वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि २००६ला सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. आमचं नशीब त्या एका ओळीत फिरलं. ती ओळ कुणीतरी बोलून दाखवावीच लागते. नाहीतर बंद पडणं हे पावसाळ्यासारखं वाटतं, कुणी केलंच नाही असं.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट घ्या. १९९७ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पुढे चौदा वर्षं चित्रण चाललं. लांबी तीन तासांच्या आसपास, म्हणजे वेळ तिथेही दिलाय. पण प्रश्न विचारलेत, गाणी पूर्ण ऐकवलीत. आमच्या माणसांना बोलता येतं हो, गाता येतं. त्यांना नुसतं बघत राहणं हा मान कसा?

तिसरी_पाळी
ताईंशी सहमत. शिवाय निवेदन नाही म्हणजे दिग्दर्शकाचा हात नाही, हा समज चुकीचा आहे. १९२२चा, बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट लोकांवरचा 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' हा माहितीपट मूकपट होता. तरी बंदुका वापरणाऱ्या लोकांना त्यात भाल्याने शिकार करायला लावली आणि आत उजेड यावा म्हणून अर्धंच बर्फाचं घर बांधलं. कुठे कापायचं हे ठरवणं म्हणजेही बोलणंच.

पेडर_रोडची_पायरी
मूळ लेखातल्या 'भारदस्त आवाजा'बद्दल. थिएटरात सिनेमाआधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या, म्हणजे सरकारी माहितीपट संस्थेच्या, रिळांवर माझं बालपण गेलं, त्यामुळे तो कंटाळा कळतो. पण त्याच संस्थेसाठी दिग्दर्शक मणी कौल यांनी १९८०ला 'अरायव्हल' हा माहितीपट केला होता. मुंबईत येणारी भाजी, फळं, जनावरं आणि मजूर, जेमतेम वीस मिनिटांत. बाजारात माल उतरतो तशी माणसं उतरतात, कुणी काही सांगत नाही, आणि कत्तलखान्याच्या दृश्यांनंतर त्या मजुरांकडे साध्या नजरेने बघताच येत नाही. तेव्हा मौनातही ठाम भूमिका मांडता येते, आणि त्यासाठी नऊ तास लागतातच असं नाही. यात मी काळाचौकीकरांच्या बाजूने, लांबीच्या बाबतीत नाही.

काळाचौकीकर
ताई, नियम ५८चा मुद्दा मान्य. ती ओळ पडद्यावर यायलाच हवी, हवं तर अक्षरांत. तिएशीचा इतिहास सांगणारा थोडा मजकूर वांग बिंगही देतात. दिग्दर्शकाचा हात असतो हेही कबूल.

पण 'नुसतं बघत राहणं' हा शब्द मला लागला. मोर्च्यात, गाण्यात, भाषणात कामगार दिसतो तो उभा राहिलेला. पाळी संपल्यावर बाकावर बसून पाय चोळणारा कामगार कोण दाखवणार? माझे आजोबा त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, होते. ते कामावर काय करायचे हे मला माहीत आहे, पण तिथे मधल्या सुट्टीत कुणाशी काय बोलायचे ते काहीच माहीत नाही. ते गेले. आता विचारायला कुणी नाही. लांबी मला त्यासाठी हवी आहे.

गिरणगावची_लेक
हे आधी लिहायला हवं होतं तुम्ही.

माझं मत अजून तेच आहे, कारण न सांगता कामगार दाखवणं मला अपुरं वाटतं. पण बाबांना मधल्या सुट्टीबद्दल मीही कधी विचारलं नाही. विचारलं ते संपाबद्दल, संपाचे नेते दत्ता सामंतांबद्दल, थकलेल्या देण्यांबद्दल. त्यांचे गुडघे नऊ तास बसू देणार नाहीत. विश्रांतीच्या खोलीतला आणि अंघोळीचा भाग तेवढा दाखवते त्यांना, आवाज बंद करून नाही, आहे तसा. बघता बघता बोलले तर फोनवर रेकॉर्ड करून घेईन.

तुमच्या मित्राकडे पहिला भाग पेनड्राइव्हवर आहे का? शनिवारी संध्याकाळी मी परळ स्टेशनला येऊ शकते.